व्हॉलीबॉलची स्कोअरशीट कशी भरतात: शालेय सामन्यातील गुणलेखकाचे काम

शालेय व्हॉलीबॉल सामन्यात पंचांनी सर्व्हिससाठी शिट्टी वाजवली की प्रेक्षकांचे, प्रशिक्षकांचे आणि बाकावर बसलेल्या खेळाडूंचे डोळे चेंडूवर खिळतात. मैदानाच्या कडेला टेबलाशी बसलेला गुणलेखक त्या वेळी एंड लाइनमागे, म्हणजे मैदानाच्या मागच्या रेघेपलीकडे, उभ्या असलेल्या खेळाडूच्या जर्सीवरील क्रमांक वाचत असतो आणि तो समोरच्या कागदावरील क्रमांकाशी जुळतो का, हे तपासत असतो. गुण कोणाला मिळाला हे पंच खुणेने दाखवतात आणि गुणफलकावर ते सर्वांना दिसतेही. पण आता सर्व्हिसची पाळी कोणाची, बाहेर गेलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते का, या संघाचे किती टाइम-आउट उरले आहेत, या प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी लिहिलेली असतात, आणि ते ठिकाण म्हणजे स्कोअरशीट. म्हणून या कामाला केवळ गुण मोजण्याचे काम समजणे मला अपुरे वाटते. ते मुख्यतः क्रम सांभाळण्याचे काम आहे, आणि हा क्रम एकदा नीट समजला की वरवर किचकट दिसणारा तो चौकटींचा कागद सहज वाचता येऊ लागतो. पुढील विवेचन मुलींचा सामना डोळ्यांसमोर ठेवून आणि आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाच्या, म्हणजे एफआयव्हीबीच्या, स्कोअरशीटच्या आधारे केले आहे. अमेरिकेतील हायस्कूल सामन्यांचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत, ते पुढे त्या त्या संदर्भात सांगितले आहेत.

सुरुवात मैदानावरील जागांपासून करावी लागते. प्रत्येक संघाच्या सहा खेळाडू दोन ओळींत उभ्या असतात आणि जागांचे क्रमांक ठरलेले असतात: मागच्या ओळीत उजवीकडची जागा एक, तिच्या पुढे नेटजवळची दोन, नेटजवळ मधली तीन, डावीकडची चार, मागे डावीकडची पाच आणि मागे मधली सहा. सर्व्हिस नेहमी एक क्रमांकाच्या जागेवरील खेळाडू करते. समोरच्या संघाची सर्व्हिस असताना आपण रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू थांबेपर्यंतचा खेळ, जिंकली की सर्व्हिस आपल्याकडे येते, आणि त्या वेळी सहाही जणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. यालाच रोटेशन म्हणतात. या सरकण्यामुळे दोन क्रमांकावरील खेळाडू एकवर येऊन सर्व्हिस करते, पुढच्या वेळी मूळची तीन क्रमांकावरील, त्यानंतर चार क्रमांकावरील, अशी पाळी फिरत राहते. सेटच्या सुरुवातीला कोण कोठे उभी होती एवढे कळले की संपूर्ण सेटमधील सर्व्हिसचा क्रम ठरून जातो. मात्र सर्व्हिसचा चेंडू हवेत गेल्यावर खेळाडू आपापल्या सोयीच्या जागेकडे धावतात, त्यामुळे मैदानाकडे नुसते पाहून हा क्रम ओळखता येत नाही. तो लिहूनच ठेवावा लागतो.

ही सुरुवातीची मांडणी गुणलेखकाला लाइनअप शीटवरून मिळते. प्रत्येक सेटपूर्वी प्रशिक्षक सहा जागांसमोर सहा जर्सी क्रमांक लिहून आणि सही करून ती चिठ्ठी दुसऱ्या पंचांकडे, म्हणजे मुख्य पंचांच्या सोबतच्या पंचांकडे, किंवा गुणलेखकाकडे देतात. समोरच्या संघाला ती आधी कळता कामा नये, म्हणून चिठ्ठी टेबलावर उघडी पडू देऊ नये. संघाची संपूर्ण यादी, प्रत्येकीचा जर्सी क्रमांक, कर्णधार कोण आणि लिबेरो, म्हणजे मागच्या ओळीतील खास बचावपटू, कोण, हे सामन्यापूर्वीच स्कोअरशीटवर लिहून त्यावर कर्णधाराची आणि प्रशिक्षकांची सही घेतलेली असते, आणि ज्या खेळाडूचे नाव या यादीत नाही तिला मैदानात उतरता येत नाही. म्हणून क्रमांक उतरवून घेताना घाई करू नये. एखादा अंक संशयास्पद वाटला तर तो अंदाजाने लिहिण्यापेक्षा प्रशिक्षकांना विचारणे केव्हाही चांगले, कारण पुढचा सगळा हिशेब याच सहा आकड्यांवर उभा राहतो.

आता कागदाकडे वळू. प्रत्येक सेटसाठी दोन्ही संघांच्या चौकटी शेजारी शेजारी असतात. एका संघाच्या चौकटीत रोमन आकड्यांनी दर्शवलेले सहा उभे रकाने असतात आणि त्यांत सुरुवातीच्या सहा खेळाडूंचे क्रमांक जागांच्या क्रमाने लिहिले जातात. त्याखाली बदली खेळाडूंसाठी ओळ, तिच्या खाली बदल झाला त्या वेळचे दोन्ही संघांचे गुण लिहिण्याची जागा, आणि त्याही खाली प्रत्येक रकान्यात एक ते आठ अशी लहान घरे असतात. ही घरे म्हणजे सर्व्हिसच्या फेऱ्या: पहिल्या रकान्यातील खेळाडूची पहिली पाळी पहिल्या घरात, दुसरी पाळी दुसऱ्या घरात. बाजूला एकापासून पुढे छापलेल्या गुणांची उभी पट्टी असते आणि गुण मिळाला की त्यातील पुढचा आकडा तिरप्या रेघेने खोडला जातो. तळाशी टाइम-आउटची दोन घरे असतात.

एक उदाहरण घेऊन हे प्रत्यक्ष भरून पाहू. समजा, अ संघाने पहिल्या ते सहाव्या रकान्यात ७, ४, ११, ९, २ आणि १५ हे क्रमांक दिले आहेत, ब संघाने ३, १०, ८, ५, १२ आणि ६ हे दिले आहेत, आणि पहिली सर्व्हिस अ संघाची आहे. अ संघाच्या पहिल्या रकान्यातील पहिल्या घरावर बरोबरची खूण करायची. याचा अर्थ ७ क्रमांकाची पाळी सुरू झाली. तिने सर्व्हिस करून दोन गुण मिळवले, म्हणून अ संघाच्या गुणपट्टीतील एक आणि दोन खोडले. तिसरी रॅली ब संघाने जिंकली. आता दोन नोंदी एकापाठोपाठ करायच्या असतात: ७ क्रमांकाच्या पहिल्या घरात २ लिहायचे, कारण तिची पाळी संपताना संघाचे एकूण गुण दोन होते, आणि ब संघाच्या पट्टीतील एक खोडायचा.

येथे नवशिक्या गुणलेखकाची हमखास चूक होते. ब संघाची पहिली सर्व्हिस कोण करणार? पहिल्या रकान्यातील ३ क्रमांक असे उत्तर सुचते, पण ते चुकीचे आहे. ब संघाने सर्व्हिस मिळवली तेव्हा त्याचे रोटेशन झाले, आणि दोन क्रमांकाच्या जागेवरील १० क्रमांकाची खेळाडू एकवर आली. ३ क्रमांकाची खेळाडू सर्व्हिस न करताच सहाव्या जागेवर सरकली. म्हणूनच सेटमध्ये सर्व्हिस घेणाऱ्या, म्हणजे रिसिव्हिंग करणाऱ्या, संघाच्या पहिल्या रकान्यातील पहिल्या घरात सेट सुरू होण्यापूर्वीच फुली मारून ठेवतात. ही एक फुली मला संपूर्ण कागदावरील सर्वांत उपयोगी खूण वाटते. ती विसरली की पुढची प्रत्येक पाळी एका घराने चुकते. तर १० क्रमांकाच्या पहिल्या घरावर खूण केली, तिच्या सर्व्हिसवर ब संघाने आणखी तीन गुण मिळवले, म्हणजे एकूण चार झाले, आणि मग रॅली गमावली. तिच्या घरात ४ लिहिले, अ संघाचा तीन खोडला, आणि अ संघाच्या दुसऱ्या रकान्यातील ४ क्रमांकाच्या घरावर खूण केली. गुण ३–४, सर्व्हिस अ संघाकडे.

या पद्धतीत तपासणीची सोय आतच असते. पाळी संपताना घरात लिहिलेला आकडा आणि पट्टीत शेवटी खोडलेला आकडा एकच असला पाहिजे. तसा नसेल तर काही तरी सुटले आहे. दुसरी तपासणी त्याहून सोपी आहे: शेवटचा गुण ज्या संघाने मिळवला, चेंडू त्याच संघाच्या हातात असला पाहिजे. गुणफलक अ संघाचा गुण वाढवून दाखवत असेल आणि सर्व्हिससाठी ब संघाची खेळाडू उभी असेल, तर पुढची शिट्टी वाजण्याआधी दुसऱ्या पंचांचे लक्ष वेधावे. हे शक्य होते ते रॅली पॉइंट पद्धतीमुळे. पूर्वी ज्या संघाची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे आणि समोरच्याने रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस बदले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत स्वीकारली. आता प्रत्येक रॅलीची नोंद कागदावर उमटते, आणि पंचांनी पुन्हा खेळायला लावलेली रॅली तेवढी नोंदीशिवाय जाते. सेट २५ गुणांचा असतो, पण दोन गुणांची आघाडी आवश्यक असते, त्यामुळे २४–२४ नंतर तो पुढे चालूच राहतो आणि त्याला वरची मर्यादा नसते.

सर्व्हिस चुकीच्या खेळाडूने केली तर काय होते, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण गुणलेखकाच्या नोंदीचे वजन येथे कळते. समजा अ संघाने रॅली जिंकून गुण १२–१० केले आणि आता चौथ्या रकान्यातील ९ क्रमांकाची पाळी आहे, पण चुकून २ क्रमांकाची खेळाडू चेंडू घेऊन उभी राहिली. गुणलेखकाला हे दिसले तरी त्याने लगेच बझर वाजवायचा नसतो. चेंडू मारला जाईपर्यंत चूक झालेलीच नसते. संघाला ती स्वतः सुधारण्याची संधी असते, आणि टेबलावरून तिची आठवण करून देणे म्हणजे एका संघाला मदत करणे होय. सर्व्हिसचा फटका बसताच मात्र विलंब न लावता पंचांना कळवायचे. मग ब संघाला गुण आणि सर्व्हिस मिळते, गुण १२–११ होतात आणि अ संघाच्या खेळाडू आपल्या योग्य जागांवर परततात.

पण समजा, गुणलेखकाचेही लक्ष चुकले, २ क्रमांकाच्या खेळाडूने तीन सर्व्हिसवर तीन गुण मिळवले, आणि १५–१० असताना चौथ्या सर्व्हिसच्या वेळी हे ध्यानात आले. आता पंच टेबलाशी येऊन विचारतात की क्रम नेमका कधी मोडला. कागदावर चौथ्या रकान्यातील घर रिकामे आहे आणि त्याआधी ब संघाची पाळी संपल्याची नोंद १० गुणांवर आहे, हे दाखवता आले, तर चूक झाल्यानंतर अ संघाने मिळवलेले तिन्ही गुण रद्द होतात, ब संघाचे गुण कायम राहतात, आणि वर ब संघाला एक गुण व सर्व्हिस मिळते: १२–११. चूक कोणत्या क्षणी झाली हे ठरवता आले नाही, तर मात्र जुने गुण रद्द करता येत नाहीत आणि फक्त एक गुण व सर्व्हिस दिली जाते: १५–११. म्हणजे तीन गुणांचा फरक केवळ नोंद नीट आहे की नाही यावर पडतो. क्रमांक न पाहताच सवयीने घरावर खूण करणारा गुणलेखक कितीही झरझर लिहीत असला, तरी या प्रसंगी त्याच्या खुणांना काहीच अर्थ उरत नाही. खूण करण्याआधी जर्सी पाहावी, एवढे मी आग्रहाने सांगेन.

खेळाडू बदलण्याची नोंद दुसऱ्या कारणाने महत्त्वाची आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका संघाला एका सेटमध्ये सहा बदल करता येतात. सुरुवातीच्या सहांपैकी एखादी खेळाडू बाहेर गेली तर ती त्या सेटमध्ये एकदाच परत येऊ शकते, तेही आपल्याच मूळ जागेवर. आणि तिच्या जागी आलेली खेळाडू बाहेर जाताना फक्त तिच्यासाठीच जागा सोडू शकते. ४ क्रमांकाच्या जागी १४ क्रमांकाची खेळाडू ८–११ असताना आली, तर ४ च्या खाली १४ लिहून त्याखाली ८:११ असे लिहायचे. बदल मागणाऱ्या संघाचे गुण नेहमी आधी. पुढे ४ क्रमांकाची खेळाडू परत आली की त्या वेळचे गुण दुसऱ्या जागी लिहून १४ भोवती गोल काढायचा. तो गोल सांगतो की १४ क्रमांकाच्या खेळाडूचा हा सेट संपला. बदलाच्या वेळी गुणलेखक बझर वाजवून विनंतीची दखल घेतो, येणाऱ्या खेळाडूचा क्रमांक पाहून बदल नियमात बसतो का ते तपासतो, आणि नोंद पूर्ण झाली की दोन्ही हात वर करून पंचांना तसे कळवतो. हात वर होईपर्यंत खेळ पुढे सरकू नये. प्रशिक्षक घाईत असतात, खेळाडू नंबरपट्टी हातात घेऊन उभी असते, तरी येथे दोन सेकंद अधिक लागले तर लागू द्यावेत.

अमेरिकेतील हायस्कूल सामन्यांत, जेथे नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स या संस्थेचे नियम चालतात, एका सेटमध्ये १८ बदलांची मुभा असते. जागेचा नियम तेथेही आहे, पण तीच खेळाडू त्या मर्यादेत अनेकदा आत-बाहेर करू शकते. अधिक मुलींना खेळायला मिळावे हा त्याचा उघड फायदा; गुणलेखकासाठी मात्र मोजदाद तिप्पट होते, आणि पंधरावा बदल झाल्यापासून दुसऱ्या पंचांना प्रत्येक वेळी आकडा सांगत राहणे शहाणपणाचे ठरते. टाइम-आउट दोन्हीकडे सेटला दोनच असतात, पण आंतरराष्ट्रीय नियमांत तो ३० सेकंदांचा आणि अमेरिकी हायस्कूलमध्ये ६० सेकंदांचा असतो. नोंद सारखीच: मागणाऱ्या संघाचे गुण आधी लिहून त्या वेळचे गुण घरात भरायचे.

लिबेरो ही वेगळ्या रंगाची जर्सी घालणारी, मागच्या ओळीत बचावासाठी खेळणारी खेळाडू. ती मागच्या ओळीतील कोणाच्याही जागी येते आणि तिचे येणे-जाणे बदल म्हणून मोजले जात नाही. ती पंचांची परवानगी न मागता रॅलींच्या मधल्या वेळेत ये-जा करते, आणि तिच्या दोन अदलाबदलींमध्ये एक पूर्ण रॅली व्हावी लागते. ही ये-जा मुख्य स्कोअरशीटवर लिहीत बसले तर गुणलेखकाची मान वर होणार नाही, म्हणून शेजारी साहाय्यक गुणलेखक बसतो आणि लिबेरोसाठीच्या स्वतंत्र कागदावर कोण कोणाच्या जागी आहे याची नोंद ठेवतो. अमेरिकी हायस्कूलमध्ये या व्यक्तीला लिबेरो ट्रॅकर म्हणतात. तेथे लिबेरोला सर्व्हिसच्या क्रमातील एका जागेवर सर्व्हिसही करता येते, आणि ती करताच त्या क्रमाभोवती त्रिकोण काढला जातो, म्हणजे पुढे तिने दुसऱ्या जागेवरून सर्व्हिस केली तर ते लगेच ओळखता येते. दोघे गुणलेखक एकमेकांशी हळू आवाजात सतत बोलत राहिले, ‘सर्व्हिसला ९, पाचला लिबेरो’ असे, तर निम्म्या चुका कागदावर येण्यापूर्वीच अडतात.

ताकीद आणि शिक्षा यांच्यासाठी वेगळी चौकट असते. तेथे खेळाडूचा क्रमांक, संघ, सेट आणि त्या वेळचे गुण लिहायचे. लाल कार्डाच्या शिक्षेने समोरच्या संघाला गुण आणि सर्व्हिस मिळते, त्यामुळे ती नोंद दोन ठिकाणी करावी लागते; शालेय सामन्यांत हे प्रसंग क्वचितच येतात. दुखापतीसारख्या गोष्टी दुसरे पंच सांगतील त्याप्रमाणे शेऱ्यांच्या जागेत लिहायच्या.

निर्णायक पाचवा सेट १५ गुणांचा असतो आणि त्याची चौकट वेगळी असते. एका संघाचे आठ गुण झाले की संघ बाजू बदलतात, आणि आठवा गुण झाला हे पंचांना कळवण्याची जबाबदारी गुणलेखकाची असते. कागदावर डावी आणि उजवी बाजू मैदानाप्रमाणेच दिसावी म्हणून या सेटसाठी दोनऐवजी तीन चौकटी छापलेल्या असतात. सुरुवातीला डावीकडे असलेला संघ बाजू बदलल्यावर सर्वांत उजवीकडील तिसऱ्या चौकटीत जातो. त्याचे सहा क्रमांक, झालेले बदल, घेतलेले टाइम-आउट आणि तोपर्यंतचे गुण तेथे उतरवावे लागतात. संघ बाजू बदलत असताना हे सगळे लिहायला वेळ पुरत नाही. म्हणून अनुभवी गुणलेखक सहा क्रमांक सेटच्या सुरुवातीलाच तिसऱ्या चौकटीत लिहून ठेवतो, बदल झाला की तो दोन्हीकडे लिहितो, आणि बाजू बदलताना केवळ गुण उतरवण्याचे काम मागे राहते. त्यानंतर डावीकडील मूळ चौकटीत चुकूनही काही लिहू नये.

सेट संपला की दोन्ही संघांचे शेवटचे गुण सर्व्हिसच्या घरांत लिहून त्यांभोवती गोल काढतात. शेवटची रॅली रिसिव्हिंग संघाने जिंकली असेल, तर तो गुण त्या संघाच्या पुढच्या सर्व्हरच्या घरात येतो, जरी तिने सर्व्हिस केलेली नसली तरी. हेही नवशिक्यांकडून सुटते. पट्टीत उरलेले आकडे रद्द करायचे. सामना संपल्यावर निकालाच्या तक्त्यात सेटवार टाइम-आउट, बदल, जिंकलेले सेट आणि गुण भरून त्यांची बेरीज करायची, सामना सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची. ही बेरीज दोन वेळा करावी, दुसऱ्या वेळी खालून वर. मग सह्या: दोन्ही कर्णधारांच्या, साहाय्यक गुणलेखकाची, गुणलेखकाची, दुसऱ्या पंचांची आणि सर्वांत शेवटी पहिल्या पंचांची. त्यांच्या सहीआधी कागद पुन्हा एकदा पहिल्या सेटपासून डोळ्यांखालून घालावा, कारण त्यांची सही झाल्यावर गुणलेखकाने त्या कागदावर पेन लावायचे नसते.